फ्लायव्हीलचे आठ बोल्ट

चाळीस वर्षांत मी बोल्ट कसायला टॉर्क रेंच वापरला नाही, आणि जो वापरतो त्याला मी मेकॅनिक मानत नाही. मानत नव्हतो, असं म्हणा. टॉर्क रेंच म्हणजे तो आकडे असलेला लांब पाना. आकडा लावायचा, कसत जायचं, हवा तेवढा कसला गेला की पाना आतून ‘टक्’ करतो. सगळं पान्यानेच करायचं तर माणसाने काय माश्या मारायच्या? बोल्ट बसला की बोटांना कळतं. आधी तो नुसता फिरतो, मग अडतो, मग किंचित ताण घेतो, आणि तिथे थांबायचं असतं. हे शिकवून येत नाही. मला येत होतं.

मी कृष्णकांत म्हात्रे, कोनचा. आमचं गॅरेज जुन्या हायवेला, पनवेलहून कोनला येताना डाव्या हाताला. बोर्डावर ‘के. डी. गॅरेज’ लिहिलंय. लोकांना वाटतं के. डी. म्हणजे कुणी शेठ असेल. के म्हणजे मी, आणि डी म्हणजे दाऊद. इंजिन माझं, गिअरबॉक्स आणि त्याच्या मागचं सगळं त्याचं. तीस वर्षं झाली. ह्या तीस वर्षांत आम्ही इतके भांडलोय की शेजारचा पंक्चरवाला मी आवाज चढवला की दुकान सोडून चहाला जायचा. पण एक नियम पहिल्या दिवसापासून होता. ज्याने बोल्ट कसला, त्याची जबाबदारी त्याची. कसून झाला की बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची रेघ ओढायची, म्हणजे बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. माझी रेघ पिवळी, दाऊदची पांढरी. आणि एकाच्या रेघेला दुसऱ्याने पाना लावायचा नाही. लावला तर तोंडावर थुंकल्यासारखंच.

शुगर मला नऊ वर्षं आहे. त्यात काय, पनवेलमध्ये दर दुसऱ्या माणसाला आहे. गोळ्या खायच्या, लग्नात गुलाबजाम खायचा, बायकोच्या शिव्या खायच्या. मग एके दिवशी गॅरेजातून घरी आलो तर पद्मजा, माझी बायको, दारातच उभी. म्हणाली, “एका पायात चप्पल नाय तुमच्या.”

“हाय की.”

“नाय. बघा.”

खरंच नव्हती. रिक्षातून उतरताना कधी निसटली कुणास ठाऊक. ती आधी हसली, मग हसायची थांबली. डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने पायाला काटा टोचून बघितलं आणि म्हणाला, नसा गेल्यात, गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते सांभाळा. मी पायांचं सगळं सांगितलं. हातांचं नाही सांगितलं.

हातांचं मला आधीच कळलं होतं. नट-वॉशरच्या वाडग्यात हात घातला की न बघता नट कुठला आणि वॉशर कुठला ते कळेना. एकदा पिन बोटात घुसली तर मला आधी फडक्यावर रक्त दिसलं, आणि मग मी शोधत बसलो की कुठून येतंय. दुखलंच नाही. आता दुखलं नाही म्हणून कुणी रडतं का? मी मात्र त्या दिवशी उरलेली बोटं एकेक करून टोचून बघितली.

दाऊदला मी कळू दिलं नाही. कळलं असतं तर त्याने मला हाकललं नसतं, तो तसला माणूस नाही. त्याने मला खुर्ची दिली असती. पंख्याखाली बसवलं असतं, गिऱ्हाइकांशी गोड बोलायला. आणि मी गोड बोलणारा! तेच मला नको होतं. बोटं गेली तर के. डी.मधला के गेला, आणि के गेला की मग घरी बसून टीव्हीवर मालिका बघायच्या. म्हणून म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. हात खिशात ठेवायला लागलो. बारीक काम ‘डोळ्यांना दिसत नाही’ म्हणून टाळायला लागलो. दीड वर्ष असं काढलं.

एक सांगतो. बोटांबरोबर आणखी काहीतरी बधिर झालं माझ्यात. राग येईनासा झाला. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी मी ‘बरं’ म्हणायचो. मुलीला मुलगा झाला, पुण्याला जाऊन बाळ मांडीवर घेतलं, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला काही वाटलं नाही. छान आहे म्हटलं. पंक्चरवाला हल्ली चहाला जातच नाही, म्हणतो, कांताशेठ शांत झाले. शांत कसला, डोंबल!

तर त्याच दिवसांत देवेशची जीप आली.

देवेश खारघरचा, ऑफिसात मोठ्या पगारावर. जीप त्याच्या वडिलांची, चाळीस वर्षांची जुनी, चारही चाकं ओढणारी. वडील गेले, जीप गावाला फणसाखाली उभी होती, ती त्याने टेम्पोत घालून आणली. पत्रा दणदणीत, चासी शाबूत, पण इंजिन घाटात धापा टाकायचं आणि गिअर चारच. त्याला तिच्यात नव्या गाडीचं डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स घालून हवा होता. एक्सप्रेसवेवर मागून ठोकलेली एक नवी गाडी त्याने लिलावात घेतली होती. मागचा भाग गाठोड्यासारखा झालेला, पुढे ओरखडा नाही. आरटीओची परवानगीसुद्धा काढून आला होता, फाइलमध्ये लावून. ऑफिसवाला माणूस, कागदाचं काम चोख.

“काका, मे महिन्यात मितालीला घेऊन रायगडाच्या बाजूला जायचंय ह्या जीपने. बाबा मला न्यायचे तसं,” तो म्हणाला. मिताली त्याची मुलगी, नऊ वर्षांची. ती तोवर जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली होती आणि प्रत्येक खटका ओढून हा कशाचा, तो कशाचा विचारत होती.

दाऊदने जीपखाली डोकं घालून बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाला, “होईल. पण देवेशभाई, ही शादी आहे. दोन घरांचे नखरे सांभाळावे लागतील.”

नखरे काय कमी होते? नवं इंजिन उंच, बॉनेटला लागायचं. रेडिएटर पुढे सरकवावा लागला. इंजिनाची फाउंडेशनं, म्हणजे ज्या रबरी पायांवर ते बसतं, त्यांच्यासाठी चासीवर नवे ब्रॅकेट वेल्ड केले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बसले. नवा गिअरबॉक्स लांब, म्हणून मागचा शाफ्ट कापून आखूड करायचा आणि पुढचा वाढवायचा. जुना फोर-बाय-फोरचा डबा नव्या गिअरबॉक्सला जोडायला मधे एक जाड प्लेट लागते, ती दाऊदने तळोज्याच्या लेथवाल्याकडून तीन खेपा घालून करून घेतली. वायरिंगला कल्पेश यायचा. नव्या इंजिनाला शंभर वायरी. जुन्या जीपला सात. तो वायरी हातात घेऊन बसलेला दिसला की मला उगाच त्याची कीव यायची.

महिनाभर चाललं ते. खोटं कशाला बोलू, कामात बरं वाटायचं. मोठी कामं होती, खांद्याची, डोळ्याची. बोटांची परीक्षा कुठे आली नव्हती.

मग दाऊद आणि त्याची बायको, कुबराभाभी, उमराला म्हणजे मक्केच्या यात्रेला निघाले, पंधरा दिवसांसाठी. भाभी कधीपासून मागे लागल्या होत्या. निघायच्या सकाळी दाऊद नव्या पांढऱ्या कपड्यांत गॅरेजात आला. रिक्षा बाहेर उभी, भाभी आत बसलेल्या. जीपजवळ येऊन म्हणाला, “कांता, फ्लायव्हील मी आल्यावर बसवू.”

हे फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला बसणारी लोखंडाची जड थाळी. तिच्यावर क्लच, त्याच्यामागे गिअरबॉक्स. मागचं ऑइल सील बदलायला आम्ही ती काढून ठेवली होती. आठ बोल्टांवर बसते. मिनिटाला तीन हजार फेरे घेते, आणि ती असते नेमकी पुढे बसणाऱ्यांच्या पायांच्या मधोमध. वर फक्त झाकण आणि पत्रा. सुटली तर ती खाली पडत नाही. पत्रा फाडून वर येते.

“फ्लायव्हील कधीपासून गिअरबॉक्सवाल्याचं झालं?” मी म्हटलं.

“तसं नाही रे. दोघं मिळून करू. घाई काय?”

“तू येशील त्याच आठवड्यात शनिवारी देवेशचं जायचं ठरलंय. तू येणार गुरुवारी.”

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. भाभींनी रिक्षातून हाक मारली, विमान काय तुमच्यासाठी थांबणार आहे का म्हणून. त्याने माझा खांदा दाबला, म्हणाला, दुआ करीन तुझ्यासाठी, आणि गेला.

चार दिवस मी फ्लायव्हीलला हात लावला नाही. पाचव्या दिवशी देवेशचा फोन आला, काका, मितालीने मैत्रिणींना सांगून ठेवलंय, होईल ना? मी म्हटलं, होईल. मला नाही म्हणायचं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

शनिवारी दुपारी कल्पेश जेवायला गेला. मी एकटा. फ्लायव्हील उचलून बसवली. पहिला बोल्ट हाताने फिरवला. आटे धरले का? कळेना. वाकून डोळ्यांनी बघितलं, धरले होते. आठही तसेच लावले. मग पाना घेतला आणि समोरासमोरचे, आळीपाळीने, कसायला लागलो. आधी फिरला. मग अडला. मग तो ताण यायचा, त्याची वाट बघत राहिलो. आला नाही. पाना थांबला होता, पण बोल्टने थांबवला की मीच थांबलो, सांगता येईना. सोडला, पुन्हा कसला. डोळे मिटून कसला. डाव्या हाताने कसला. काही नाही. लाकडाला हात लावून बसल्यासारखं.

एवढा वेळ मी कुठल्याच बोल्टपाशी कधी बसलो नव्हतो. आणि मग डोक्यात एकच बसलं. ढिला राहता कामा नये. ती पोरगी पुढच्या सीटवर बसणार, ढिला राहता कामा नये. कोपऱ्यात जॅकचा पोकळ दांडा पडला होता, चांगला हातभर. तो मी पान्यावर चढवला. पाइप लावून गंजलेले बोल्ट सोडवतात. कसत कुणी नाही, मी कुणाला कसताना बघितलं असतं तर त्याचा बाप काढला असता. आठही बोल्टांवर मी अंगाचा भार टाकला. मग रंगाची डबी उघडली आणि आठ पिवळ्या रेघा ओढल्या. रेघा सरळ आल्या. हात कापत नव्हते.

कल्पेश जेवून आला. चेनपुलीने गिअरबॉक्स उचलून आम्ही जोडला. मंगळवारी इंजिन लागलं. पहिल्या सेल्फला लागलं, बरं का. कल्पेश नाचला. आवाज इतका गोल, गोड, की पंक्चरवाला बघायला आला. मी बाजूला उभा राहून बघत होतो आणि मला काहीही वाटत नव्हतं. बुधवारी देवेश येऊन जीप घेऊन गेला.

गुरुवारी दाऊद विमानतळावरून घरीसुद्धा न थांबता गॅरेजात आला. भाभींना दारात उतरवून आला म्हणे. डोकं मुंडलेलं, हातात खजुराचा डबा आणि झमझमच्या पाण्याची बाटली. डबा त्याने माझ्या हातात दिला, मिठी मारली, आणि माझ्या खांद्यावरून त्याला रिकामी जागा दिसली.

“जीप?”

“गेली काल. पहिल्या सेल्फला लागली.”

“फ्लायव्हील कुणी बसवली?”

“दुसरं कोण बसवणार? मी.”

त्याने बाटली टेबलावर ठेवली. “देवेशला फोन लाव. गाडी हलवू नको म्हण.”

“का?”

“लाव तू.”

“दाऊद, का ते सांग आधी.”

तो खाली बघून बोलला. “दीड वर्ष झालं, कांता. तू चहाला गेलास, घरी गेलास, की तुझे बोल्ट मी बघतो.”

मला कळायला वेळ लागला. “आणि माझ्या रेघा?”

“पुसतो. परत ओढतो. पिवळ्याच.”

राग आला. दीड वर्षाचा साठलेला, तळापासून वर आला. मी जे काय बोललो ते इथे सांगत नाही. हातात उमराच्या खजुरांचा डबा होता, तो फेकला नाही एवढीच अक्कल राहिली होती. पंक्चरवाला उठला आणि चहाला गेला. “तीस वर्षांत मी एकदा तरी तुझ्या पांढऱ्या रेघेला पाना लावला? एकदा तरी?”

“नाही लावलास,” दाऊद म्हणाला. “पण माझे ढिले नव्हते.”

मी डबा टेबलावर ठेवला. मग विचारलं, “किती मिळाले ढिले?”

“मोजले नाहीत.”

मोजले होते त्याने. मी ओळखतो त्याला.

“तोंडावर सांगायचंस ना, मर्दा.”

“सांगितलं असतं तर तू घरी बसला असतास,” तो म्हणाला. “मग मी इथे कुणाशी भांडलो असतो?”

देवेशला फोन मीच लावला. खोटं सांगितलं, एक ऑइल सील बघायचं राहिलंय. तो कुरकुरला, सामान भरायला काढलंय म्हणाला, पण संध्याकाळी जीप आणून लावली. शुक्रवारी सकाळी उघडू असं ठरलं.

रात्री झोप लागली. लागू नये, पण लागली. झोपण्याआधी माझ्या मनात काय होतं ते खरं सांगतो. ह्या वेळेस ढिले नाहीत, हे मला माहीत होतं. पाइप लावला होता मी. उद्या दाऊदला दाखवतोच, असं मनात होतं. पोरीचं नाव मनात नव्हतं.

सकाळी देवेश मितालीला घेऊनच आला. दाऊदने आणि कल्पेशने गिअरबॉक्स खाली घेतला, क्लच काढला. फ्लायव्हील दिसायला लागली. आठ पिवळ्या रेघा, एकही तुटलेली नाही. दाऊद आपल्या ट्रंकेपाशी गेला आणि तळातून कापडात गुंडाळलेला टॉर्क रेंच काढला. म्हणजे तो ह्याच्यासाठी घेतलेला. माझ्यासाठी.

त्याने आकडा लावला. पहिल्या बोल्टवर पाना ठेवून ओढला. टक्. रेघ जागची हलली नाही. दुसरा. टक्. तिसरा. प्रत्येक वेळी तो माझ्याकडे बघायचा, आणि प्रत्येक वेळी त्याचं तोंड उजळायचं. आठव्या टकला तो जीपखालून बाहेर आला, उभा राहिला आणि हसला. “सगळे टाइट! अल्लाचं करम. कांता, लोखंडी हात आहे बाबा तुझा.” मग देवेशकडे वळून म्हणाला, “ह्याच्यासारखा माणूस पनवेलात नाही, लिहून घ्या.” आणि मग माझ्यासमोर येऊन, सगळ्यांच्या देखत त्याने कान पकडले. “मी तुझ्या रेघेला हात लावला. माझी चूक. माफ कर.”

देवेश हसत म्हणाला, “काका, उगाच घाबरवलंत. मग लावून टाका, संध्याकाळपर्यंत द्या.”

झालं की सगळं. माझं नाव परत, दाऊद कान पकडून उभा, के. डी.मधला के जागच्या जागी. मला आनंद झाला, खोटं नाही सांगत. दीड वर्षात पहिल्यांदा छातीत काहीतरी हललं. मी तोंड उघडायचीसुद्धा गरज नव्हती. ‘ठीक आहे रे’ एवढं म्हटलं की संपलं.

मिताली पुढच्या सीटवर चढून बसली होती. तिने सँडल काढून खाली टाकल्या आणि पाय खालच्या पत्र्यावर टेकवले. दोन्ही पाय, शेजारी शेजारी.

मी दाऊदला म्हटलं, “काढ सगळे.”

“काय काढ?”

“बोल्ट. आठही काढ. नवे आण.”

“अरे, टाइट आहेत. पाना काय सांगतोय ऐकलं नाहीस?”

“पाना कमी कसलेला पकडतो. जास्त कसलेला त्याला कळत नाही. तुलाही माहीत आहे.” तो बघत होता. “मी पाइप लावला होता, दाऊद. जॅकचा दांडा. आठही बोल्टांवर लटकलोय मी.”

“पाइप? तू?” तो असं म्हणाला की देवेशचंसुद्धा हसू थांबलं. “कशाला?”

मी खिशातून हात काढले आणि त्याच्यासमोर धरले. देवेश होता, कल्पेश होता, पोरगी वरून बघत होती. पंक्चरवालासुद्धा दारात होता, तो मेला कधी नसतो? “मला काही कळत नाही ह्यांनी. नट धरलाय की हवा धरलीये, कळत नाही. दीड वर्ष झालं. ढिला राहील म्हणून घाबरलो आणि पाइप लावला.”

देवेशने मितालीला खाली बोलावलं. तिने का विचारलं, तर तो म्हणाला, ये ग, आणि तिचा दंड धरून ठेवला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. काही दिली नाही.

दाऊद परत जीपखाली गेला. पहिला बोल्ट सोडवला, बाहेर आणून टेबलावर उभा केला, त्याच्या शेजारी दुकानातून आणलेला नवा उभा केला. माझा उंच होता. केसभर, पण होता. मान बारीक झाली होती त्याची. लोखंड ताणलं की ते असं होतं, आणि एकदा ताणलेलं लोखंड किती दिवस धरून राहील ते कुणी सांगू शकत नाही. दुसरा तसाच. तिसरा, चौथा तसाच. पाचव्याला दाऊदने पाना लावला, जोरसुद्धा केला नाही, आणि डोकं तुटून पान्यात आलं.

तो ते डोकं तळव्यावर घेऊन बसला. रागावला नाही. मला वाटलं होतं रागावेल. “रायगडाचा घाट,” एवढंच म्हणाला, आणि ते खिशात टाकलं.

मोडलेला बोल्ट आतून काढायला दुपार झाली. देवेशने ट्रिप पुढच्या आठवड्यावर ढकलली. जाताना दाऊदला म्हणाला, “नवे तुम्ही स्वतः कसा, प्लीज.” दाऊदला म्हणाला, मला नाही. बरोबरच होतं त्याचं.

रात्री जेवणं झाल्यावर दाऊद नवे आठ बोल्ट घेऊन जीपखाली आडवा झाला. कल्पेश घरी गेला होता. खाली अंधार होता, वरचा दिवा तिथपर्यंत पोचत नाही. थोडा वेळ त्याचा खुडबुडल्याचा आवाज आला, मग हाक आली.

“कांता, बॅटरी धर जरा.”

गॅरेजात बॅटरी धरायचं काम सगळ्यात नवख्याचं असतं. मी चाळीस वर्षांपूर्वी पनवेलच्या एका गॅरेजात लागलो तेव्हा पहिलं वर्षभर तेवढंच केलं होतं. मी बॅटरी उचलली. घसरेल म्हणून दोन्ही हातांनी धरली, आणि त्याच्या शेजारी जमिनीवर आडवा झालो.

पहिला बोल्ट टक् झाला. दुसरा टक् झाला. तिसऱ्याच्या वेळी मला रडायला आलं, बायकोची आई गेली तेव्हा आलं नव्हतं एवढं. दाऊदला दिसत असणार, आमची डोकी एका वितीवर होती. तो पान्याकडेच बघत राहिला.

“उजेड हलतोय,” तो म्हणाला. “नीट धर.”

मी नीट धरली.